सुदामभाऊंचा दम

सुदामभाऊंची आणि माझी ओळख आधी कानांनी झाली. मी सानगडीच्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. हिवाळ्यातली दुपार होती. धान निघून गेलेल्या बांध्यांत लाखोरी डाळीचं पीक निळं फुललं होतं आणि तलावापलीकडून भोंग्याचा आवाज पाण्यावरून तरंगत येत होता. "निंगाला पोरगा... वाकला... कोपऱ्यावर डोळा हाय त्याचा... घेरला रे घेरला..." आणि मग एकदम काहीच नाही. भोंगा बिघडला वाटतं, असं मी म्हणतेय तोच एक लांबलचक सुस्कारा साऱ्या गावावरून गेला. मागोमाग आरोळी आली, "आला! आला रे बापा घरी!"

माझ्या घरमालकीण सगुणाबाई समोर तांदूळ पाखडत होत्या. हा आवाज त्यांच्याच नवऱ्याचा, हे मला संध्याकाळी कळलं.

सुदामभाऊ एके काळचे कबड्डीपटू. नागपूरच्या एका कापडगिरणीनं त्यांना खेळण्यासाठीच कामावर घेतलं होतं. पगार गिरणीचा, काम मैदानावर. "मी तिथं सूत नाही पायलं बाई, मातीच पायली," असं ते सांगत. मग एका पकडीत गुडघा गेला आणि गुडघ्यामागोमाग नोकरीही गेली. लंगडत गावी परतले. पहिल्याच हिवाळ्यात गावच्या सामन्यांत माईकवरचा माणूस ऐन चढाईत पाहुण्यांचे आभार मानत बसला होता. सुदामभाऊ उठले आणि त्याच्या हातातून माईक काढून घेतला. "आबे, तिकडे पोरगा मरून राहिला अन् तू हार घालून राहिला!" तो माईक त्यांच्या हाती जो आला तो आलाच. साकोलीपासून पवनीपर्यंत कुठेही सामने असोत, भाऊंचं बोलावणं ठरलेलं.

"पण मधेच गप्प का होता हो?" मी एकदा विचारलं.

"बाई, चढाईवाला पोरगा एका दमात जाते अन् एका दमात येते. तो घेऱ्यात सापडला, त्याचा दम अटकला, तर मी आपला कसा सोडू?"

संध्याकाळी ते अंगणातल्या खाटेवर पाय लांब करून बसत आणि जुने सामने पुन्हा खेळत. डोळे मिटलेले, आवाज हलका. चुलीचा धूर खाली उतरत असे. ऐकता ऐकता सारवलेलं अंगण मैदान होई, दोरीवरची लुगडी प्रेक्षकांसारखी डोलू लागत, आणि हातातल्या वह्या तपासायच्या राहून जात. मी झोपेत आहे की जागी, हेही कधी कधी कळत नसे.

सगुणाबाईंनी मात्र त्यांचा एकही सामना पाहिला नव्हता. मैदानावर बाया जात नसत, आणि गुडघा गेल्यापासून तर कबड्डीचं नाव निघालं की त्या उठून आत जात. सुदामभाऊंना एवढंच हवं होतं, की तिनं एकदा आपल्याला ऐकावं. भोंगा रोज तिच्या कानी पडत होता, पण तो त्यांच्या लेखी खरा नव्हता. "भोंगा तर बैलबी आयकते, बाई. रेडिओ मानूस बसून आयकते."

आणि खरंच योग आला. भंडाऱ्याला मोठे सामने भरणार होते आणि अंतिम सामन्याचं धावतं वर्णन रेडिओवरून होणार होतं. भाऊंचं नाव तिथवर पोचलं होतं. अट एकच, मराठी शुद्ध हवी. झालं, मी त्यांची मास्तरीण झाले. तलावावर अंघोळीला जातानाही ते "मला, तुला, त्याला" घोकत जात. "बाई, मला म्हनलं का जीभ टाळूले जाऊन लटकते," अशी तक्रार होती, पण घोकणं सोडलं नाही.

त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते एसटीत बसले. दुपारी अंगण माणसांनी भरलं. सगुणाबाई आतल्या दाराशी सूप घेऊन बसल्या. रेडिओतून आवाज आला, "श्रोतेहो, खेळाडू आता उजवीकडे सरकत आहे." माझा विद्यार्थी! मी फुलून गेले. सामना शेवटच्या चढाईवर आला. "त्याला घेरलं आहे..." आणि रेडिओ गप्प.

"सेल गेले!" कुणीतरी ओरडलं. "उन्हात नव्हते ठेवले काय?" एकानं रेडिओला दोन थापा मारल्या, दुसरा मागचं झाकण उघडायला धावला. तेवढ्यात सगुणाबाई उठल्या.

"हात नोका लावू त्याले! बंद नाही पडला. पोरगा घेऱ्यात हाय. दम धरून हायेत ते."

अंगण चूप झालं. सगुणाबाईंचं सूप छातीशी तसंच धरलेलं होतं. तेव्हा मला आठवलं, तलावापलीकडचा भोंगा गप्प झाला की हे सूपही थांबायचं. मग रेडिओतून तो ओळखीचा सुस्कारा आला. "आला! आला रे बापा घरी!" माझी शुद्ध मराठी पार वाहून गेली होती, आणि मी सगळ्यांबरोबर टाळ्या पिटत होते.

दुसऱ्या दिवशी भाऊ पडलेल्या चेहऱ्यानं परतले. रेडिओवर असं गप्प बसून चालत नाही, असं रेडिओच्या साहेबांनी सुनावलं होतं. पुन्हा बोलावणार नव्हते. "तुमचं 'मला' अन् माझा रेडिओ, दोनी गेले बाई." मी त्यांना अंगणातली हकिकत सांगितली. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

"खरंच म्हनली ते असं?"

"तुमच्या गळ्याची शप्पथ."

"मंग जिंकलो ना बाई!"

"चहा थंडा होऊन राहिला," आतून आवाज आला.

पुढे माझी बदली भंडाऱ्याला झाली. सारं आयुष्य दमावर काढलेल्या माणसाला दम्यानंच गाठावं, याचा मला आजही राग येतो. भाऊंचं जास्त असल्याचा निरोप मिळताच मी सानगडीला गेले. सकाळचं ऊन त्याच खाटेवर आलं होतं. सगुणाबाई उशाशी बसल्या होत्या. भाऊंचा श्वास लांबत गेला, आणखी लांबला, आणि थांबला. शेजारच्या बाईनं हंबरडा फोडला तसा सगुणाबाईंनी हात वर केला.

"थांबा वं. दम धरून असतील."

आम्ही सगळे थांबलो. तलावावरून वारा येत होता. कुणी हललं नाही, कुणी रडलं नाही. बऱ्याच वेळानं सगुणाबाईंनीच आपला श्वास सोडला.