लिस्बनच्या गल्लीतलं खचलेलं दार

सौदीतल्या खमीस मुशैतच्या आमच्या घरातला पलंग, जेवणाचं टेबल, लेकीचं, समीनाचं पुस्तकांचं कपाट, स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या आणि वीतभर लांबीचा एक रंधा: सगळं माझ्या हातचं. सुतारकाम कुणी शिकवलं नाही. लाकूड बिघडवत शिकलो. म्हणूनच या सुट्टीत जुनी दारं बघायला लिस्बन गाठलं. रंधा चेक-इन बॅगेत होताच.

व्हिसाच्या अर्जाआधी इकाम्याची, म्हणजे सौदीतल्या रहिवासी परवान्याची मुदत तपासा. जवळच्या आभा विमानतळाहून रियाध, पुढे एक थांबा. लिस्बनच्या जुन्या वस्तीत टॅक्सी शिरत नाही, चढावर बॅगा ओढाव्या लागतात. चाकांच्या खडखडाटाने वरची एक खिडकी धाडकन बंद झाली.

खमीसमध्ये किल्ली हारिसकडे, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराकडे असते. त्या सवयीने आम्ही खोली घेतलेल्या इमारतीत तळमजल्याची घंटा वाजवली. एक आजीबाई आल्या.

"किल्ली भिंतीवरच्या डबीत. आज तुम्ही चौथे. मी हॉटेलची नोकर दिसते का?"

समीनाने फोनवर भाषांतर करून ते मला मराठीत सांगितलं.

"सॉरी म्हण त्यांना."

"ऑलरेडी म्हटलं, अब्बा."

सकाळी बायको खजूर घेऊन गेली, तेव्हा लुर्देसआजी बोलत्या झाल्या. इमारतीत राहणाऱ्या त्या एकट्याच उरलेल्या, बाकी खोल्या पर्यटकांच्या. कोपऱ्यावरची बेकरी जाऊन तिथे फ्रिज-मॅग्नेटचं दुकान आलेलं. बॅगांच्या धक्क्यांनी रस्त्याकडचं दार खचलेलं. ते त्यांना एकटीला ओढवेना. पाव आणायलाही कुणी पाहुणा येईपर्यंत थांबायचं. मालक म्हणे, जमत नसेल तर मुलाकडे जा.

"अहो, बघत काय बसलात? रंधा काढा," बायको म्हणाली.

बिजागरीच्या स्क्रूंची भोकं ढिली झाली होती. लाकडी खुंट्या गोंद लावून ठोकल्या, वाळल्यावर लांब स्क्रू पिळले, खालची कड दोन सूत, म्हणजे पाव इंच, रंध्याने तासली. आजींनी एका हाताने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि पिशवी न घेताच बाहेर पडल्या. दुपारी त्यांच्याकडून भाजलेले सार्डिन आले. आपली तारलीच ती. शहरातल्या कुठल्याही हॉटेलात तसं जेवण मिळालं नाही.

खमीसला परतलो. ट्रामचे, किल्ल्याचे फोटो फोनमध्ये पडून आहेत. बघतो तो त्या दाराचाच. आपण जातो ती गल्ली कुणाचं तरी घर असते, एवढं ध्यानात ठेवून जा.

परवा त्या इमारतीच्या मालकाचा मेसेज आला. काम आवडलं. म्हातारीला काढतोय, तिच्या घरात पार्टिशन घालून दोन खोल्या करून द्या. तिकीट, राहणं आणि वर चार हजार युरो.

मी नाही म्हणून कळवलं. चार हजार युरोंना. पाच मागितलेत.