लाडू कुणी खाल्ले, दूध कुणाला आलं

शहाऐंशी साली विश्रांतवाडीत आमच्या बाजूला अमिनाबींकडून बांगड्या न भरलेली बाई शोधून सापडली नसती. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायची, टायपिंगचा क्लास चालवायची. खाली त्यांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत काचेच्या बांगड्यांच्या माळा टांगलेल्या, आणि त्यांच्या खाली मांडी ठोकून बसलेल्या अमिनाबी. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं भरलेल्या, जिभेनं त्याहून. तुमचा पंजा दाबून दाबून मऊ करायच्या आणि बांगडी चढेपर्यंत तुमच्या घरातल्या सगळ्या भानगडी काढून घ्यायच्या. मला आपलं तोंड फटकळ आहे असं लहानपणापासून ऐकवलं गेलंय, पण त्यांच्यापुढे मीसुद्धा गप्प बसायची. निदान डझन पुरा होईपर्यंत तरी.

यजमान दादामियाँ कोपऱ्यावरच्या टपरीत घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा आवाज कसा आहे हे बऱ्याच लोकांना माहीत नव्हतं. मुलगा रज्जाक कात्रजला दूध डेअरीत नोकरीला. सून रझिया शाळेत शिक्षिका. नातू हमीद आठ वर्षांचा, शेंबडा आणि हुशार.

हमीदनंतर रझियाला दिवस राहिले नाहीत. तिला मुलगी हवी होती. हवी होती म्हणजे किती, तर दुसऱ्यांच्या मुलींच्या वेण्या ती वर्गात घालून द्यायची. शेवटी रज्जाकला राजी करून तिनं एका संस्थेतून चार महिन्यांची पोर आणली. नाव ठेवलं नसीमबानू. डोळे एवढे मोठे की बाकी चेहरा नंतर जमेल तसा बसवलाय असं वाटायचं.

अमिनाबींनी पोरीला मांडीवर घेतलं, तिची दृष्ट काढली, आणि मग म्हणाल्या, "ही इथं राहायची नाही."

मी तेव्हा नेमकी समोर हात पुढे करून बसले होते. म्हटलं, "का म्हणून?"

"गोड आहे, नाही कुठं म्हणतेय मी. पण उद्या मोठी झाली की आमच्या धर्माप्रमाणे रज्जाक तिला परका, हमीद परका. घरातल्या घरात डोकं झाकून फिरायचं, भावाशेजारी बसायचं नाही. बिचारीनं पाहुण्यासारखं राहायचं का जन्मभर?"

"मग यावर काही उपाय?"

"दूध. दोन वर्षांच्या आत रझियाचं दूध हिच्या पोटात गेलं की ही रज्जाकची मुलगी, हमीदची बहीण. मग कुणाची बोलायची टाप नाही."

आता रझियानं हमीदचं दूध तोडून सहा वर्षं होऊन गेली होती. पण अमिनाबींनी निकाल देऊन टाकला. पालकत्वाचा कागद कोर्टातून दिवाळीनंतर व्हायचा होता. तोवर दूध आलं तर पोर घरची, नाही आलं तर संस्थेत परत. रज्जाक आईपुढे बोलत नसे, दादामियाँ कुणापुढेच बोलत नसत. माझं मात्र डोकं फिरलं.

"ती काय मंडईतली भेंडी आहे का अमिनाबी, निबर निघाली म्हणून परत द्यायला?"

"हात सरळ ठेव," त्या म्हणाल्या. "बांगडी फुटेल."

रझिया पदर खोचून कामाला लागली. बाईडॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की मूल सारखं लावत राहिलं तर दूध परत येऊ शकतं, वर्षं गेली असली तरी. ती सकाळी शाळेत जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर पोरीला घेऊन बसायची. नसीम दोनचार वेळा ओढायची, मग अशी काही बघायची की हॉटेलात गिऱ्हाईकानं रिकाम्या ताटाकडे बघावं. त्यानंतर भोकाड. त्यानंतर बाटली.

आणि कितीही कडक बोलल्या तरी अमिनाबींनाही ती पोर हवीच होती. त्यांनी बांगड्या भरायला येणाऱ्या झाडून सगळ्या बायकांना विचारलं, "सुनेला दूध यायला काय द्यावं?" झालं. पुण्यातल्या बायकांना सल्ला विचारायचा म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. अळिवाचे लाडू आले, डिंकाचे आले, मेथीचे आले. कुणी शतावरीचा कल्प आणला, कुणी खसखशीची खीर. कोथरूडला लेकीकडे राहायला गेलेल्या मथुराबाई दोन बस बदलून अळिवाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या आणि वर बजावून गेल्या, "सकाळ-संध्याकाळ एकेक. डबा मात्र धुऊन परत पाठवा."

रज्जाकलाही मदत करायची हौस आली. तो म्हणाला, "आमच्याकडे म्हैस पान्हा चोरायला लागली की तिला भिजवलेल्या पेंडीचं आंबोण घालतात आणि..." पुढचं आम्हाला कळलं नाही. त्या रात्री तो हॉटेलात जेवला.

महिना गेला, दुसरा संपत आला. डबे रिकामे होत होते, रझियाच्या अंगात दुधाचा थेंब नव्हता. सुकत चालली होती बिचारी. एकदा जिन्यात मला म्हणाली, "उल्काताई, तिच्यासाठी घेतलेली कुंची मी अजून घातलीच नाही तिला. परत द्यायची वेळ आली तर नवी कोरी द्यावी म्हणते." मला एवढं भरून आलं की मी तिच्यावरच खेकसले. म्हटलं, आज घाल, आत्ता घाल.

दिवसभर नसीम अमिनाबींच्या मांडीवर असायची. आता बांगड्या भरायला दोन्ही हात लागतात. एका हातानं गिऱ्हाइकाचा पंजा दाबायचा, दुसऱ्यानं बांगडी सरकवायची. मध्येच पोर किंचाळायला लागली तर करायचं काय? अमिनाबी तिला सरळ पदराखाली घेऊन छातीला लावायच्या. आज्या करतातच असं, रडं थांबवायला. त्यात काही नाही हे आजीलाही माहीत असतं आणि नातवंडालाही. पण नसीमला तिथं आवडायचं. बाटली पिऊन झाली तरी ती पदराखाली शिरायची आणि तासन्‌तास चोखत पडायची. वर काकणांची किणकिण चाललेली, खाली हिचं चुटुचुटु. समोर बसलेल्या आम्हा कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

एके दिवशी भर क्लासमध्ये, सोळा टाइपरायटर खडखडत असताना, अमिनाबी दारात उभ्या राहिल्या. त्या कधी जिना चढत नसत. पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळलेला, चेहरा पांढराफटक.

"पोरींना बाहेर काढ," त्या म्हणाल्या.

मी पोरींना गच्चीवर हाकललं. अमिनाबींनी दार लावून घेतलं आणि पदर बाजूला केला. पोलकं पुढून ओलं झालं होतं.

"मला काहीतरी वाईट झालंय, उल्का. मी चालले. माझ्या निकाहाचा शालू रझियाला दे. आणि मथुराबाईंचा डबा द्यायचा राहिलाय तेवढा दे."

मी घाबरले. तसंच रिक्षात घालून त्यांना बाईडॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पडद्याआड तपासलं, मग बाहेर येऊन खुर्चीत बसल्या आणि टेबलाची कड धरून म्हणाल्या, "अमिनाबी, तुम्हाला दूध आलंय."

"कुणाचं?" अमिनाबींनी विचारलं.

तिथं डॉक्टरांचा बांध फुटला. माझाही. डोळे पुसत त्यांनी विचारलं की पोर दिवसातनं किती वेळ लावता? अमिनाबी म्हणाल्या, गिऱ्हाईक असेल तेवढा वेळ. सणासुदीचे दिवस, गिऱ्हाईक सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मग डॉक्टरांनी विचारलं, "आणि खाण्यात काय असतं?"

अमिनाबींनी खिडकीबाहेर बघितलं.

"खाण्यात काय असतं अमिनाबी?" मी विचारलं.

"रझियाला अळिवाचा वाससुद्धा सहन होत नाही गं. ओठाला लावला की ओकारी. लोकांनी एवढं साजूक तुपातलं करून पाठवायचं आणि आपण ते टाकून द्यायचं?"

"म्हणजे सगळे तुम्ही खाल्लेत?"

"डिंकाचे दोन तिनं खाल्ले," त्या म्हणाल्या.

परत येताना रिक्षात आम्हाला हसू आवरेना. मी थांबले की त्या सुरू, त्या थांबल्या की मी. रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "काय झालं काय?" अमिनाबी म्हणाल्या, "दूध उतू गेलं रे बाबा." त्यानं बिचाऱ्यानं रिक्षा पळवली.

दुसऱ्या दिवशी अर्धवट ऐकलेली बातमी वस्तीभर झाली, ती अशी की अमिनाबींना दिवस गेलेत. टपरीवर येऊन लोक दादामियाँचं अभिनंदन करू लागले. त्यांनी तीन दिवस टपरी उघडली नाही. चौथ्या दिवशी अमिनाबींनीच त्यांना मशिदीत पिटाळलं, मौलानांना विचारून या म्हणून. ते गेले आणि म्हणाले, एका ओळखीच्या बाईंचं विचारायचं होतं. मौलानांनी बाईंचं वय विचारलं. दादामियाँनी सांगितलं. मौलानांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं, आधी त्यांचं अभिनंदन केलं, आणि मग सांगितलं की दूध ते दूध, वय कितीही असो. त्या बाईंची ती मुलगी झाली.

घरी येऊन दादामियाँ एवढंच म्हणाले, "झाली."

त्या संध्याकाळी मीही खालीच होते. अमिनाबी विजयी मुद्रेनं बसल्या होत्या. रज्जाक बोटांवर नातं जुळवत होता. "अम्मीचं दूध प्यायली म्हणजे ही माझी बहीण झाली. हमीदला हिच्यापासून पडदा नाही, मला नाही, अब्बांना नाही. मिटला प्रश्न."

हमीदनं डोकं चालवलं. "म्हणजे ही माझी फुप्पी? हिला मी अहोजाहो करायचं का आता?"

नाकात बोटं घालायच्या वयाचा भाचा आणि दात न आलेली आत्या. आम्ही सगळे पोट धरून हसलो. हसता हसता माझं लक्ष गेलं, रझिया खोलीत नव्हती.

ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मला बघून म्हणाली, "राहिली ती घरात. अल्लाचे उपकार. पण मी तिची भावजय झाले, उल्काताई." आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

मला राग आला सगळ्यांचा. अमिनाबींच्या लाडवांचा आला, मौलानांच्या किताबाचा आला, माझ्या स्वतःच्या हसण्याचा आला.

अमिनाबी कधी दारात येऊन उभ्या राहिल्या आम्हाला कळलंच नाही. कडेवर नसीम. रझियाला म्हणाल्या, "खाली बस."

रझिया भिंतीला टेकून बसली.

"मांडी कर."

तिनं मांडी घातली. अमिनाबींनी नसीमला तिच्या मांडीवर निजवलं, स्वतः कण्हत-कुंथत तिच्या पुढ्यात आडव्या बसल्या, वाकल्या आणि पदर ओढून घेतला. "हं, पाज आता."

"मी?" रझिया म्हणाली.

"मग कोण? मी काय, मी तुझ्या नवऱ्याची डेअरी. दूध पोचवलं, माझं काम संपलं. पडद्याचा प्रश्न होता तो सुटला. आईचा प्रश्न कुणी काढला होता? या वयात मला कशाला हवीय मुलगी? आधीचीच नावं आठवत नाहीत मला."

नसीम प्यायला लागली. दूध अमिनाबींचं, आणि डोळे? ते एवढे मोठे डोळे तिनं वर केले आणि जे रझियाच्या तोंडावर लावले ते काही केल्या हलवेना. हातानं रझियाची हिरवी बांगडी पकडली. रझिया रडत होती ती तशीच हसायला लागली, आणि अमिनाबी ओरडल्या, "हलू नकोस गं, माझी पाठ जातेय."

पुढं वर्षभर सकाळ-संध्याकाळ असंच चाललं. रझियाची मांडी, अमिनाबींची पाठ आणि त्या पाठीला लावायला माझ्याकडचा बाम. दिवाळीनंतर कोर्टातून कागद झाला. नसीम पहिल्यांदा अम्मी म्हणाली ती रझियाला. अमिनाबींना ती दादी म्हणायची, आणि त्या माझ्याजवळ कुरकुरायच्या, "दूध माझं, आणि दादी म्हणते बघ." पण हे सांगताना त्यांचा चेहरा नुसता फुललेला असायचा.

नसीम आता स्वतः आई झालीय. बाळंतपणाला इथंच आली होती. मी अळिवाचे लाडू घेऊन खाली गेले, तर घरात कल्ला. मूल छातीला नीट धरत नव्हतं, नसीम कंटाळून रडकुंडीला आली होती, हमीद बाहेर येरझारा घालत होता, आणि अमिनाबी, आता पार थकलेल्या, तक्क्याला टेकून डब्याकडे बघत होत्या.

"दादी, एकच," नसीम डोळे पुसत म्हणाली. "तुमचा काही भरवसा नाही."

अमिनाबींनी लाडू उचलला आणि रझियाला म्हणाल्या, "बघतेस काय? बस की."

रझिया भिंतीला टेकून बसली, मांडी घातली, बाळाला घेतलं. नसीम तिच्या पुढ्यात वाकली. बाळानं जरा वेळ इकडेतिकडे तोंड मारलं आणि मग घट्ट धरलं. प्यायला लागलं तसे त्यानं डोळे उघडले, आईचेच ते, एवढे मोठे, आणि वर रझियाकडे बघायला लागलं.

रझिया पाठ अवघडली तरी हलली नाही. मी डोळे पुसून डब्याकडे वळले तेव्हा त्यात लाडू बरेच कमी झाले होते.