तीन देशांनी विचारलेला कैदी

वर्तमानपत्राच्या छापखान्यावर धाड पडली, तेव्हा संपादक आणि मशीनवाला एकाच गाडीतून तुरुंगात गेले. पुढच्या सहा महिन्यांत संपादकांसाठी तीन देश बोलले. एकाने सरकारला खरमरीत पत्र धाडलं, एकाने शस्त्रं विकणं थांबवलं आणि एकाने नुसती चिंता व्यक्त केली. मशीनवाल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्याच्या बायकोला तर ती नुसती चिंतासुद्धा चालली असती.

संपादकांच्या घरी परदेशी वकिलातीतले साहेब आलेत हे कळताच तिच्या पोटात दुखू लागलं. नवऱ्याचा फोटो घेऊन ती तडक तिथे गेली.

"साहेब, आमच्या माणसाचंही नाव लिहा की."

साहेब ओशाळले. "आमच्याकडे फक्त पत्रकारांची यादी असते, ताई."

"म्हणजे लिहिणाऱ्याचा तो छळ, आणि छापणाऱ्याचा काय पाहुणचार चाललाय?"

साहेबांनी वही उघडली. तेवढ्यात संपादकांची बायको म्हणाली, "तुला दर रविवारी भेटू देतात ना गं? त्या परदेशी पत्राचा राग म्हणून माझी भेट बंद केलीय. चार महिने त्यांचं तोंड पाहिलं नाही मी. जळते मी तुझ्यावर."

आपल्यावरही कुणी जळतं, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. ती फोटोकडे बघत राहिली.

"मग काय, लिहू नाव?" साहेबांनी विचारलं.

"लिहा," ती म्हणाली. "पण पत्र सोमवारी धाडा. हा रविवार होऊ दे."