पावणेदोन तासांवरची लेक

रायपूरच्या विमानतळावर अंजनाबाई चौदा वर्षं फरशी पुसत होती, आणि वरच्या पाटीवरच्या विमानांच्या वेळा तिला तोंडपाठ होत्या. भनपुरीच्या तिच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणाचं पोरगं परगावी नोकरीला लागलं की लोक तिलाच विचारायचे, किती लांब? ती कमरेवर हात ठेवून सांगायची, अमुक गाव सव्वा तास, तमुक गाव दोन तास. स्वतः मात्र कधी विमानात बसली नव्हती.

लेकीला, दीपमालेला, पुण्याचं स्थळ आलं तेव्हा शामराव, तिचा बाप, नको म्हणाला. पावणेनऊशे किलोमीटर म्हणजे थट्टा आहे का? अंजनाबाईनं त्याला उडवून लावलं. पावणेदोन तास तर लागतात, कारखान्यातून सुटल्यावर चकाट्या पिटत घरी यायला तुम्हाला तेवढेच लागतात, म्हणाली. लग्न झालं.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी आठ वाजता, बादलीत फिनेल ओतताना तिचा फोन वाजला. दीपमाला न्हाणीघरात कडी लावून बसली होती. नवऱ्यानं, विशालनं, कुकरचं झाकण तिच्या तोंडावर हाणलं होतं. दोन दात पडले होते, आणि आता तो दाराला लाथा घालत होता. प्रत्येक लाथ अंजनाबाईला फोनमधून ऐकू येत होती. पोलिसांचं नाव काढताच लेक म्हणाली, नको, मग तर तो जीवच घेईल.

"कडी काढू नको पोट्टी," अंजनाबाई म्हणाली. "दोन घंट्यात येतो मी."

फोन तिथंच बंद पडला. पुन्हा लावला, लागेना. पुण्याचं विमान अकराला सुटतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण जिभेला सवय पावणेदोन तासांची, ती तेच बोलून गेली.

सुपरवायझर नत्थूनं तिकीट काढून दिलं. फरशीवरचं च्युइंगगम खरवडायची लोखंडी पट्टी तिनं पिशवीत टाकली होती. ती तपासणीत अपर्णानं काढून घेतली. रोज दोघी सोबत चहा प्यायच्या. अंजनाबाईनं तिला अशी शिवी हासडली की मागची रांग दोन पावलं सरकली. मग विमान सुटेपर्यंत ती मुठी आवळून बसली. विमानातही तिनं खिडकीबाहेर पाहिलं नाही.

विमान पुण्यात वेळेवर उतरलं. तिथून लेकीच्या घरी पोचेपर्यंत तीन वाजले.

विशाल खाटेवर पडून मोबाईल पाहत होता. दीपमाला न्हाणीघराच्या मोरीत भिंतीला टेकून बसली होती, डावा हात कोपरातून भलतीकडे वळलेला, लुगडं रक्तानं कडक झालेलं. जिवंत होती. न्हाणीघराचं दार शाबूत होतं, कडीही शाबूत.

लग्नात दिलेला कुकर कोपऱ्यात पडला होता. अंजनाबाईनं तो उचलला आणि खाटेवरच्या विशालच्या तोंडावर घातला. नाक फुटलं. तो खाली कोसळला तेव्हा गुडघ्यावर घातला. त्यानं हात जोडले, तेव्हा जोडलेल्या हातांवर घातला. बोटं मोडल्याचा आवाज झाला आणि तिला बरं वाटलं.

मग मोरीत बसून तिनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. दार तर मोडलं नाही, मग हे कसं झालं, विचारलं.

"दोन घंटे झाले असन आई," सुजलेल्या ओठांतून दीपमाला म्हणाली. "लाथा थांबल्या. मंग कोनं तरी हळूच दार वाजवलं. मले वाटलं, तूच आली."