दुहेरी ठशाचं नाणं

भिंगकाकांना त्यांचं खरं नाव कोणी विचारत नसे. नाण्यांच्या दुकानात काउंटरच्या कोपऱ्यात बसायचं, उजव्या डोळ्याला भिंग लावायचं आणि लोकांच्या आशेवर पाणी फिरवायचं, हे त्यांचं जन्माचं काम. तांब्याचं जुनं नाणं घरात सापडलं की माणसाला आपण लखपती झाल्यासारखं वाटतं. "टांकसाळीची चूक आहे काका, अशाला भाव जास्त येतो ना, बघा ना." काका बघत आणि म्हणत, "चूक नाही, झीज आहे." त्यांनी हो म्हटल्याशिवाय दुकानदार गल्ल्याला हात लावत नसे.

म्हणून शेजारच्या शिवणवालीच्या नाण्यावर अक्षरं चक्क दुहेरी दिसली, तेव्हा तिच्यापेक्षा काकांनाच जास्त आनंद झाला. ठसा जरा सरकून दोनदा उमटला तरच असं होतं, आणि ते क्वचितच. "पोरी, खरं आहे हे. स्वस्तात सोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी आणखी एक दुहेरी निघालं. मग आणखी एक. पुढे तर जे येईल ते दुहेरी. टांकसाळीला काय वेड लागलं होतं, की कोणी बनावट नाणी पाडत होतं? काका पार चक्रावले. एक नाणं घरी आणून त्यांनी जेवताना बायकोला दाखवलं. तिने भिंगातून पाहिलं.

"अहो, अक्षरं तर एकेरीच आहेत."

"भिंग नीट धर."

"नीटच धरलंय. तुम्ही दुसऱ्या डोळ्याने बघा बरं."

काकांनी तिची समजूत काढायला म्हणून भिंग डाव्या डोळ्याला लावलं. अक्षरं एकेरी. उजव्याला लावलं, दुहेरी. भिंग ठेवून नुसत्या उजव्या डोळ्याने बायकोकडे पाहिलं, तर तिच्या नाकाची कडही दुहेरी. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग शिवणवालीच्या नाण्याचं काय?

सकाळी ते तिच्याकडे गेले. नाणं केव्हाच दुकानदाराला विकलं गेलं होतं आणि खिडकीपाशी नवंकोरं शिलाई मशीन होतं. काकांनी खरं ते सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला.

"काका, मशीन आता परत घेणार नाहीत. म्हणजे ते साधंच होतं का?"

"तेच तर कळत नाही गं. डाव्या डोळ्याने मी ते पाहिलंच नाही."

तसेच ते दुकानात गेले, नाणं मागून घेतलं आणि डाव्या डोळ्याने पाहू लागले. एका अक्षराच्या पोटात बारीकशी रेघ होती. ठशाची की झिजेची? डाव्या डोळ्याला ही सवयच नव्हती. काकांना लाज वाटली, भीतीही वाटली. त्यांनी भिंग दुकानदारापुढे धरलं.

"माझा डोळा बिघडलाय. तूच बघ. साधं निघालं तर तिच्याकडे पैसे मागू नकोस, मी भरून देईन."

दुकानदाराने भिंग डोळ्याशी नेलं, लांब धरलं, मग ओशाळून परत केलं. "काका, मला कुठे ओळखता येतं? तुम्ही हो म्हणालात की मी हो म्हणायचो."

"आणि तू ज्यांना विकतोस ते?"

"ते विचारतात, काकांनी पाहिलंय ना?"