समोरच्यांचं वायफाय

कळमनुरीला आमच्या गल्लीत फायबर आलं, पण खांबावरच्या डब्यात एकच जागा उरली होती आणि ती समोरच्या घरी राहणाऱ्या मास्तरांना मिळाली. मी कॉलेजात संगणक शिकवतो, त्यामुळे माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तोड मास्तरांनीच काढली. "सर, आमच्याकडनं वायर वढा की. त्यात काय?" मी गल्लीवरून वायर ओढली, घरात आमचा राउटर बसवला आणि त्याच्या सेटिंगमध्ये गेटवे म्हणून त्यांच्या फायबरच्या मशीनचा पत्ता स्वतःच्या हातानं भरला. गेटवे म्हणजे वेशीचा दरवाजा. आमच्या घरातलं सगळं त्यांच्याच दारातून बाहेर जाणार होतं.

पाहुण्यांना मात्र मी ऐटीत 'आमचं वायफाय' म्हणून पासवर्ड द्यायचो. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं.

यंदा उन्हाळ्यात पोरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. पुण्याची नोकरी, तीही पहिलीच. आमच्या गल्लीत कोणाकडं मुलगी बघायला पाहुणे आले की शेजारपाजारचे टीव्हीचा आवाज बारीक करतात. त्याच हक्कानं मी आदल्या दिवशी मास्तरांच्या आईला सांगून आलो, "मावशी, उद्या सकाळी तुमचं नेट जरा बंद ठेवा. पोरीला स्पीड मिळाला पाहिजे."

"व्हय, ठिवते की," मावशी म्हणाल्या.

इंटरव्ह्यू रंगात आला आणि स्क्रीनवरची माणसं जागच्या जागी थिजली. पोरगी रडवेली झाली. माझं डोकं सटकलं. खिडकीत जाऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, "सांगूनसुद्धा लोकांना घटकाभर मोबाईल सोडवत नाही!" मग राउटरचं पान उघडलं. वायफाय ठीक होतं, वायरही ठीक होती, फक्त गेटवेकडून उत्तर येत नव्हतं. तो पत्ता वाचला. मास्तरांच्या मशीनचा होता.

धावत समोर गेलो. मास्तर शाळेत गेले होते. बुद्धाच्या तसबिरीखालचं मशीन बंद पडलेलं. पंखा त्याच बोर्डावर, म्हणून तोही बंद. मावशी घामाघूम होऊन पदरानं वारा घेत बसल्या होत्या.

"मोबाईल न्हाई पाहिला हो भाऊ आमी," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "बोर्डच बंद करून बसले. झालं का पोरीचं? लावू का आता?"

लाजेनं मला त्यांच्याकडं बघवेना. बटण मीच दाबलं आणि परत आलो. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी पोरीला सगळ्यांत शेवटी पुन्हा घेतलं, पण तिचा आवाज अखेरपर्यंत कापत होता.

संध्याकाळी मास्तर आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"सर, आईला यातलं कळत न्हाई. तिच्यामुळं पोरीला लई तकलीफ झाली. माफ करा."

बंद ठेवायला मीच सांगितलं होतं, एवढं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पोरगी माझ्या मागंच उभी होती, तिलाही ते ठाऊक होतं.

"असू द्या," मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."