कार्डावरची टिकली

आईच्या वाढदिवसासाठी मी जाड कागदावर तिचा चेहरा काढला. चष्मा जमला, हनुवटी जरा लांब झाली. कपाळ फारच मोकळं दिसत होतं, म्हणून तिच्या जुन्या पाकिटातली मोठी मरून टिकली तिथे चिकटवली. बाबा गेले तेव्हा तिनं ते पाकीट कपाटात मागे सारलं होतं.

शेजारी आत्या मटार सोलत बसली होती. म्हणाली, "बाकी छान झालंय गं, तेवढी टिकली काढ. बरं दिसत नाही."

कागदाच्या कपाळाचीसुद्धा माणसांना केवढी काळजी. टिकली आई शाळेत असल्यापासून लावायची, बाबा तर नंतर आले. जे त्यांनी आणलंच नव्हतं, ते त्यांच्याबरोबर का जावं? मी अंगठ्यानं टिकली आणखी घट्ट दाबली.

वाढदिवसाच्या सकाळी टेबलावरच्या कार्डावर टिकली नव्हती, नुसता चिकट गोल डाग होता. मी रागानं आत्याकडे पाहिलं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. ती मरून टिकली तिच्या कपाळावर होती. आत्याला नीट दिसेल इतकी वाकून तिनं कप ठेवला आणि म्हणाली, "वन्सं, साखर बघा, बरोबर आहे ना?"